सर्वानुमते मंजूर

ताई,

आमची सोसायटी ठाण्यात, घोडबंदर रोडला. सात मजले, ४२ फ्लॅट, दोन लिफ्ट. गेल्या महिन्यात सर्वसाधारण सभेत ठराव आला की घरकामाच्या बायका, डिलिव्हरीवाले आणि कामगार यांनी फक्त मागची लिफ्ट वापरायची. मागची लिफ्ट महिन्यातले निम्मे दिवस बंद असते, हे सगळ्यांना माहीत आहे. माझ्याकडे अकरा वर्षं येणाऱ्या मावशींचे गुडघे गेलेत. सभेला जाताना मी ठरवून गेले होते की बोलायचं. सेक्रेटरी म्हणाले, ‘ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा.’ पुढच्या दोन रांगांचे हात वर गेले, शेजारच्या वहिनींचा गेला आणि माझाही गेला. गप्प बसले असते तर एकवेळ चाललं असतं. मी हात वर केला, ताई! घरी आल्यावर अकरावीतल्या मुलीने विचारलं, तर तिला सांगितलं की लिफ्टवर लोड येतो, मेंटेनन्स वाढतो, सिक्युरिटीचाही प्रश्न असतो. ती म्हणाली, ‘आई, तुला खरंच असं वाटतं?’ आता भीती अशी वाटते की मला खरंच तसं वाटायला लागलंय. परवा मावशी पाच मजले चढून आल्या. मी पाणी दिलं, पण त्यांच्याकडे बघितलं नाही. मी अशी कशी झाले? आणि आता काय करू?

– एक वाचक, ठाणे

*

लिफ्टकडे नंतर येऊ. आधी तुमच्या भीतीबद्दल बोलते, कारण ती खरी आहे. तुम्हाला तसं वाटायला लागलंय का? हो, थोडंथोडं लागलंय. पुरतं लागलं असतं तर हे पत्र आलं नसतं.

हे मी कुठल्या अधिकाराने सांगते, ते ऐका. मी नोकरीला होते तेव्हा जेवणाच्या सुट्टीत आम्ही सात-आठ जणी एका टेबलावर डबे उघडायचो. एक नवी मुलगी आली होती, ती आठवड्यातून दोनदा सुकट आणायची. एके दिवशी आमच्यातली सगळ्यात सीनियर बाई ‘अगं बाई, वास!’ म्हणाली आणि तिने खुर्ची मागे सरकवली. तिच्या शेजारणीने सरकवली. मग मीही सरकवली. मी मालवणची. आमच्या अंगणात खाटल्यावर बांगडे वाळायचे, आजीच्या लुगड्यालासुद्धा सुकटीचा वास असायचा आणि त्याच वासाच्या कुशीत मी झोपले आहे. ती मुलगी दुसऱ्या दिवसापासून खिडकीजवळच्या टेबलावर एकटी बसायला लागली. कोणी तिला ‘तिथे बस’ म्हटलं नव्हतं, म्हणायची गरजच पडली नाही.

खरी गोष्ट यापुढची आहे. चार-सहा महिन्यांत मला तो वास खरोखरच सहन होईना. सुट्टीत गावी गेले तर आईच्या चुलीवरच्या सुकटीलाही नाक मुरडलं. आई म्हणाली, ‘मुंबयचो वारो लागलो काय गो तुका?’ वारा कसला लागतोय! खुर्ची सरकवायला मला दोन सेकंद लागले होते, त्या दोन सेकंदांची लाज झाकायला माझ्या नाकाने स्वतःला बदलून घेतलं. खुर्ची आधी सरकली, नाक मागून गेलं.

आपण समजतो की माणूस आधी विचार करतो आणि मग वागतो. चारचौघांत बऱ्याचदा उलटं होतं. हात वर जातो, मग मन त्या हाताला शोभेल असं कारण शोधत बसतं. तुम्ही मुलीला दिलेली लोड, मेंटेनन्स आणि सिक्युरिटी ही तिन्ही कारणं सभेला जाताना तुमच्याकडे नव्हती. ती सभेतून येताना, बहुधा त्याच लिफ्टमध्ये, जमली.

यावर एक जुना प्रयोग आहे. लिऑन फेस्टिंगर आणि जेम्स कार्लस्मिथ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी तो १९५९ साली प्रसिद्ध केला. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना त्यांनी तासभर अत्यंत कंटाळवाणं काम करायला लावलं. फळीतल्या खुंट्या पाव-पाव फिरवत राहायच्या, असलं काहीतरी. मग त्यांना सांगितलं की बाहेर थांबलेल्या पुढच्या विद्यार्थ्याला जाऊन ‘काम फार मजेदार आहे’ असं सांग. या खोटेपणाबद्दल काहींना एक डॉलर दिला, काहींना वीस. नंतर विचारलं, खरं सांगा, काम कसं होतं? वीस डॉलरवाल्यांनी कंटाळवाणं होतं असंच सांगितलं. एक डॉलरवाले मात्र म्हणायला लागले की नाही हो, तसं बरं होतं!

आपल्याला उलट वाटलं असतं. पण बघा, वीस डॉलरवाल्याकडे खोटं बोलण्याचं कारण खिशात होतं. एक डॉलरवाल्याकडे ते नव्हतं. एवढ्याशासाठी मी खोटं बोललो, हे पचवण्यापेक्षा ‘मी खोटं बोललोच नाही’ हे मानणं सोपं.

आता स्वतःकडे बघा. तुम्हाला कोणी धमकावलं होतं? ‘विरोध केलात तर पार्किंग काढून घेऊ’ असं सेक्रेटरी म्हणाले होते? तसं असतं तर आज तुम्ही त्यांना शिव्या घालत असता आणि मावशींच्या बाजूने तुमचं मत पहिल्यापेक्षा घट्ट झालं असतं. जबरदस्तीने वर केलेला हात मनाला शिवत नाही. तुमच्यावर जबरदस्ती झाली नाही, शेजारच्या वहिनींचा हात वर होता एवढंच. म्हणून मनाला आता मोठं कारण हवंय, आणि मन ते स्वतःच तयार करतंय. तुमच्या मुलीने त्याला मध्येच अडवलं. गुणी मुलगी आहे. तिच्यावर चिडला असाल तर ते सोडा.

आता ‘मी अशी कशी झाले’ याबद्दल. हा प्रश्न तुम्ही स्वभावाचा करून टाकलाय. मी भित्री आहे, मी दुटप्पी आहे, वगैरे. तो बसण्याच्या जागेचा आणि मोजण्याच्या पद्धतीचाही आहे.

सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या कॉलेजच्या पोरांना एका कार्डावर एक रेघ दाखवली आणि दुसऱ्या कार्डावर तीन. तिघींतली कुठली पहिलीएवढी, ते सांगायचं. एकटं बसवून विचारलं तर क्वचितच कोणी चुकत होता. पण गटात बसवलं, आणि आधीच पढवून ठेवलेल्या बाकीच्यांनी एकापाठोपाठ एक तेच चुकीचं उत्तर मोठ्याने दिलं, की शेवटाकडे बसलेला तो खरा विद्यार्थी गडबडायचा. अशा फेऱ्यांमध्ये सुमारे एक तृतीयांश उत्तरं गटाबरोबर चुकली. जवळपास तीन चतुर्थांश पोरं निदान एकदा तरी वाहवत गेली. आणि प्रश्न होता कशाचा, तर रेघेच्या लांबीचा! तिथे ना मेंटेनन्स होता, ना शेजार. तुम्हाला त्याच वहिनींकडे मंगळागौरीला जायचंय.

या प्रयोगाचा हा पहिला भाग लोक फार सांगतात आणि ‘माणसं म्हणजे मेंढरं’ म्हणून मोकळे होतात. मला त्याचा दुसरा भाग जास्त कामाचा वाटतो. ॲशने गटात एकच माणूस असा ठेवला की जो खरं उत्तर देईल. एकच! तेवढ्याने वाहवत जाणं चतुर्थांशावर आलं. दुसऱ्या एका प्रकारात विद्यार्थ्याला त्याचं उत्तर मोठ्याने न बोलता कागदावर लिहू दिलं, तेव्हाही चुका खूप घटल्या. माणूस तोच, रेघ तीच. बदललं ते एवढंच की सोबत कोणी आहे का आणि उत्तर कोणाच्या डोळ्यांदेखत द्यायचंय. या दोन गोष्टी लक्षात ठेवा, लिफ्टच्या वेळी लागतील.

वाकणाऱ्यांच्या यादीत तुमच्याआधी फार मोठी नावं आहेत. महादेव गोविंद रानडे विधवाविवाहाच्या बाजूने उभे राहिलेले गृहस्थ. १८७३ साली त्यांची पहिली पत्नी वारली, तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते. आता हे विधवेशीच लग्न करतील अशी लोकांची अपेक्षा, आणि वडिलांना नेमकी तीच धास्ती. वडिलांनी आग्रह धरला आणि रानड्यांनी त्याच वर्षी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केलं. लोकांनी टोमणे मारले, ते योग्यच होते. पुढे १८९० साली पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहाबिस्किटं दिली गेली त्यावरून गावात ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचं भांडण, माजलं. त्यातही रानड्यांनी शेवटी प्रायश्चित्त घेतलं, आपल्यापेक्षा बरोबरच्या मित्रांच्या घरची अडचण सुटावी म्हणून. न्यायाधीश माणूस, विद्वान माणूस, पण दोनदा वाकला.

रानड्यांची वकिली मला करायची नाही. त्या अकरा वर्षांच्या मुलीला कोणी काही विचारलं नव्हतं. पण एक गोष्ट त्यांनी केली नाही, ती मला महत्त्वाची वाटते. वाकल्यावर त्यांनी आपलं मत वाकवून घेतलं नाही. ‘नाहीतरी विधवाविवाह चुकीचाच’ असं ते म्हणायला लागले नाहीत. घरातल्या बायकांचा विरोध पत्करून त्यांनी रमाबाईंना शिकवायला घेतलं, आणि पुढे त्याच रमाबाई पुण्याच्या सेवासदनाच्या अध्यक्ष झाल्या. हात वाकला तरी त्यांनी मन त्याच्यामागे धाडलं नाही. तुमच्या हातात आत्ता एवढंच आहे, आणि ते पुष्कळ आहे.

हेही खरं की त्या काळी भीतीला दात होते. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली गोदूबाईंशी पुनर्विवाह केला तर मुरूडकरांनी बहिष्कार घातला. वाळीत टाकणं म्हणजे लग्नाची पंगत बंद आणि भटजी बंद. काही जातपंचायतींत हे आपल्या डोळ्यांदेखतही चालू राहिलं, म्हणून तर महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला, तो २०१७ साली लागू झाला. तुमच्या सभेत तुम्ही हात खाली ठेवला असता तर काय झालं असतं? सेक्रेटरी म्हणाले असते, ‘काय वहिनी, तुमचं काही वेगळं मत?’ आणि चाळीस माना वळल्या असत्या. दहा सेकंद. तुम्ही त्या दहा सेकंदांना घाबरलात. मला हसू येत नाही, मीही घाबरलेय. पण भीतीचं माप माहीत असावं.

आणि त्या चाळीस माना! तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी गफलत इथे आहे. तुमचं मत एक आणि बाकीच्या सगळ्यांचं दुसरं, असं तुम्ही गृहीत धरलंय. कशावरून? तर त्यांचे हात वर होते. अहो, हात तर तुमचाही वर होता! तुमच्या मागच्या रांगेतल्या बाईने तुमचा हात बघितला आणि मनात म्हणाली असेल, ‘यांच्याकडे त्या मावशी इतकी वर्षं आहेत, त्यांनाही चालतंय तर मी कशाला बोलू?’ तुमच्यासाठी वहिनींचा हात जो होता, तो तिच्यासाठी तुमचा होता. मुद्दाम टोचून बोलत नाहीये. या एका गोष्टीत दोष आणि उपाय दोन्ही आहेत, म्हणून सांगते.

असं जिथे होतं तिथे एक विचित्र प्रकार घडतो. नको असलेली गोष्ट टिकते, कारण प्रत्येकाला वाटतं की ती बाकीच्यांना हवी आहे. नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडतात, कुंकू पुसतात. मी अशा प्रसंगांना गेलेय. बांगड्या फोडणारीचेही हात कापतात, बघणाऱ्या बायका तोंडाला पदर लावतात, आणि तरी कोणी ‘राहू द्या’ म्हणत नाही, कारण ‘चार लोक काय म्हणतील’. ते चार लोक तिथेच पदर लावून उभे असतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२मध्ये ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने त्याच महिन्यात बाकी गावांनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. ठरावाने एका रात्रीत प्रथा मरत नाही. पण एक होतं. शेजारणीच्या पदराआड काय होतं ते निदान उघड्यावर येतं आणि ‘चार लोकांची’ खरी मोजणी सुरू होते. गटाचं दडपण नेहमी वाईटच असतं असं मी मानत नाही ते यामुळेच. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात शेजारच्या गावाला नंबर मिळतोय म्हणून हातात झाडू घेतलेली माणसं मी बघितली आहेत.

चला, आता लिफ्ट.

पहिलं काम मावशींचं, आणि ते सोसायटीच्या आधी. त्यांच्यापुढे रडत बसू नका. माफी मागायला गेलेली मालकीण रडायला लागली की कामवालीला तिची समजूत काढावी लागते, म्हणजे आणखी एक बिनपगारी काम. साधं सांगा: ‘मावशी, त्या ठरावाला मीही हात वर केला होता. माझं चुकलं. मागची लिफ्ट बंद असेल त्या दिवशी खालून मिस्ड कॉल द्या, मी येते आणि तुमच्याबरोबर पुढच्या लिफ्टने वर येते.’ आणि मग जा, चप्पल घालून, पाच मजले खाली, गॅसवर कुकर असला तरी. वॉचमनने अडवलं तर त्याच्याशी वाद नको, त्याचीही नोकरी आहे. ‘माझ्याबरोबर आहेत’ एवढंच म्हणा. दोन-तीनदा कोणीतरी लिफ्टमध्ये भेटेल आणि बघेल. बघू दे. श्रावणी सोमवारच्या खुलभर दुधाच्या कहाणीतली म्हातारी आठवते? राजाचा हुकूम म्हणून सगळ्या गावाने घरातलं सगळं दूध देवळात ओतलं, वासरं-लेकरं उपाशी ठेवली आणि गाभारा काही भरला नाही. म्हातारी राजाशी भांडायला गेली नाही. तिने आधी लेकरं-वासरं तृप्त केली, मग उरलेलं खुलभर दूध घेऊन गेली. तुमची वासरं आधी बघा.

मावशींना सभेत किंवा कमिटीपुढे बोलायला मात्र सांगू नका. त्यांची याच इमारतीत आणखी घरं असणार. धाडस तुमच्या खिशातून व्हायला हवं, त्यांच्या नाही.

मुलीशी बोला. ‘मला तसं वाटत नव्हतं, सगळ्यांचे हात बघून मी वर केला’ हे वाक्य पोटातून काढायला जड जाईल, पण एकदा मोठ्याने बोललात की त्या लोड-मेंटेनन्सच्या कारणांची हवा जाईल. अकरावीतल्या मुलीला रोज तिच्या ग्रुपमध्ये असले हात वर करावे लागतात. आईचंही असं होतं हे तिला कळलं तर काही बिघडत नाही.

ठरावाचं म्हणाल तर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक अक्षरही टाकू नका! तिथे पहिले पाच अंगठे जे म्हणतील तेच पन्नास जण म्हणतात, आणि न म्हणणारे गप्प बसून ‘संमती’ ठरतात. एकाच विचाराची माणसं एकमेकांशी बोलत राहिली की मत मवाळ होण्याऐवजी आणखी टोकाला जातं. फ्रान्समधल्या विद्यार्थ्यांवर सर्ज मॉस्कोविसी आणि मारिसा झाव्हालोनी यांनी १९६९ साली हे दाखवलं होतं. मुलांना फ्रान्सचे नेते द गॉल आधीच आवडत होते, ते गटात चर्चा झाल्यावर जास्त आवडू लागले. अमेरिकी माणसांबद्दल आधीच अढी होती, ती वाढली. तुमचाच ग्रुप मागे सरकवून वाचा. मला वाटतं हा विषय ‘डिलिव्हरीवाल्यांना लिफ्टचं दार नीट लावायला सांगा’ अशा कुठल्यातरी साध्या तक्रारीने सुरू झाला असेल.

ग्रुपऐवजी दारं वाजवा. आधी त्या वहिनींचं. ठरावाला विरोध करायला जाऊ नका, स्वतःचं सांगायला जा: ‘मी हात वर केला खरा, पण मला तेव्हापासून बरं वाटत नाहीये. तुमचं काय?’ प्रश्न विचारल्यावर तुम्ही गप्प बसायचं. आपण बायका ती शांतता भरून काढायला फार घाई करतो. त्या म्हणाल्या ‘मला तर पटलाय ठराव’ तर चहा पिऊन परत या, काही गमावलं नाहीत. पण माझी पैज आहे की पाच दारांतल्या निदान दोन दारांत ‘अहो, मलाही…’ ऐकू येईल. ॲशच्या प्रयोगातला तो एक माणूस तुम्हाला सभेच्या आधी मिळवायचाय, सभेत नाही.

नियम काय म्हणतात तेही बघा. मंजूर झालेला ठराव रद्द करणारा ठराव सहा महिने उलटल्याशिवाय आणता येत नाही, असं आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांत, आहे. तुमच्या सोसायटीचे उपविधी काढून खात्री करा. म्हणजे तुमच्याकडे वेळ आहे. या सहा महिन्यांत ठरावाला हात न लावता दोन अर्ज कमिटीकडे देता येतील. एक, मागची लिफ्ट दुरुस्त करा. दुसरा, ती बंद असेल त्या दिवशी पुढची लिफ्ट सगळ्यांना खुली ठेवा. याला ‘नाही’ म्हणायला कोणालाही फार निर्लज्ज व्हावं लागेल. अर्ज लेखी द्या, पोच घ्या आणि त्यावर दोघी-तिघींच्या सह्या असू द्या. सहा महिन्यांनंतर विशेष सर्वसाधारण सभा मागता येते. एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली की कमिटीला ती बोलवावी लागते. ४२चा पाचवा हिस्सा म्हणजे तुम्हाला नऊ सह्या लागतील. तिथे पहिली मागणी एकच करा: हात वर नकोत, चिठ्ठ्या टाका. चिठ्ठीवर पेन चालवताना शेजारच्या वहिनी दिसत नाहीत.

सभेत बोलाल तेव्हा आवाज चढवू नका आणि मधेच मवाळही होऊ नका. याच मॉस्कोविसींचा त्याच वर्षीचा आणखी एक प्रयोग आहे. निळ्या रंगाच्या स्लाइड दाखवायच्या आणि सहा जणांतल्या पढवलेल्या दोघींनी त्यांना ‘हिरवा’ म्हणायचं. दोघी प्रत्येक वेळी ठामपणे हिरवा म्हणाल्या तेव्हा बाकीच्या चौघींची आठ टक्क्यांहून थोडी अधिक उत्तरं ‘हिरवा’ आली. त्या कधी हिरवा, कधी निळा म्हणाल्या तेव्हा सव्वा टक्का. आठ टक्के म्हणजे फार नाही, हे मलाही दिसतं. पण त्या बायका खोटं सांगत होत्या. तुम्ही तर निळ्याला निळा म्हणणार आहात.

हरलात तर? हरू शकता. काही लोकांना तो ठराव मनापासून हवा असेल. शेजारी घाम पुसत उभ्या असलेल्या बाईबरोबर दोन मिनिटं उभं राहणं त्यांना नको असतं, आणि ‘सिक्युरिटी’ हा त्यासाठीचा सभ्य शब्द आहे. अशांची मतं चहाने बदलणार नाहीत. त्यांच्यासाठी इतिवृत्तात विरोध नोंदवायला सांगा, तुमच्या नावासकट. ‘सर्वानुमते मंजूर’च्या जागी ‘बहुमताने मंजूर’ एवढा एक शब्द बदलला तरी पुढच्या वेळी हात खाली ठेवू बघणाऱ्या कोणाला तरी कळेल की या इमारतीत तसं करता येतं.

सुकट आणणाऱ्या त्या मुलीचं काय झालं ते सांगायचं राहिलं. दीड वर्षाने तिची बदली झाली. जाताना तिने सगळ्यांना पेढे दिले, मलाही दिला. मी ‘अभिनंदन’ म्हटलं. याहून जास्त काही म्हटलं नाही, आणि आता तिचा पत्ता माझ्याकडे नाही. तुमच्या मावशी उद्या सकाळी येणार आहेत.

गेल्या सभेच्या इतिवृत्ताची प्रत मागून घ्या, सहा महिने कधी भरतात ते कॅलेंडरवर लिहा. मागची लिफ्ट दुरुस्त झाली की मला दोन ओळी टाका.

– ताई